बाह्य ड्राइव्हवरील बॅकअप

वैयक्तिक संगणकातील फाइलींची जादा प्रत, केबलने जोडता आणि काढता येणाऱ्या स्वतंत्र हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर राखण्याची पद्धत. यूएसबी २.० हे मानक २००० साली आणि ३.० हे २००८ साली आले, तसतशी शेकडो गिगाबाइटची नक्कल घरच्या टेबलावर काही तासांत होऊ लागली. प्रत काढणारी साधनेही हाताशी आहेत : मॅकवर २००७ पासून टाइम मशीन, विंडोजवर २०१२ पासून फाइल हिस्टरी आणि लिनक्स वापरणाऱ्यांकडे त्याहून जुने, १९९६ चे आरसिंक. एवढे असूनही लोकांचे फोटो, प्रबंध, हिशेब कायमचे जातात. पुष्कळदा प्रत काढलेली असते, पण ती मूळ फाइलीबरोबरच जाते. म्हणून कोणत्याही बॅकअपची पारख एका प्रश्नाने करावी : ज्या कारणाने मूळ फाइल नष्ट होईल, त्याच कारणाने प्रतही नष्ट होईल का?

या कसोटीवर सर्वांत आधी बाद ठरते ती घरोघरची एक सवय. लॅपटॉप भरला की फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवायचे आणि लॅपटॉपवरून पुसून टाकायचे. यात प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. आणि ही नवी जागा पिशवीतून फिरणारी, टेबलावरून पडणारी असते. एकाच डिस्कचे भाग पाडून ‘सी’वरच्या फाइली ‘डी’वर ठेवणे हेही तसेच, कारण डिस्क बंद पडली की दोन्ही भाग जातात. बिघाडाची चाहूल लागेल आणि तेव्हा प्रत काढू, या भरवशालाही फारसा आधार नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या ‘स्मार्ट’ या स्वनिदान यंत्रणेत, तापमान सोडले तर, बिघाडाची एकही खूण उमटली नव्हती. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती धक्के सोसते. पण तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता, विशेषतः उष्ण जागी, दीर्घकाळ पडून राहिल्यास तो भार ओसरू शकतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

दोन वेगळी उपकरणे असली तरी ती सतत जोडलेली असतील, तर धोका एकच राहतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने संगणकाला त्या वेळी जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. चुकून पुसलेली किंवा बिघडलेली फाइलही अशीच पसरते : दोन फोल्डर हुबेहूब सारखे ठेवणारी सोय चूकही तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. त्यामुळे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखणारे साधन वापरणे आणि काम झाले की ड्राइव्ह रीतसर बाहेर काढून केबल सोडवणे, या दोन्ही गोष्टी लागतात. यावर रास्त आक्षेप असा की सोडवलेला ड्राइव्ह पुन्हा जोडायचे राहूनच जाते, आणि सहा महिन्यांपूर्वीची प्रत कामाची नसते. हा आक्षेप खरा आहे, आणि निश्चयाने तो सुटत नाही. दोन ड्राइव्ह ठेवले तर सुटतो. एक जोडलेला राहून आपोआप प्रत घेत राहतो, दुसरा दूर असतो, आणि ठरलेल्या वारी त्यांची अदलाबदल होते. किती दिवसांनी, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. जेवढ्या दिवसांचे काम पुन्हा करण्याची तयारी असेल, तेवढेच अंतर.

राहिली जागा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्याच्या घरात शिरलेल्या पाण्याला लॅपटॉप आणि शेजारच्या खणातला ड्राइव्ह सारखेच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, याच कारणासाठी टिकून आहे. मग क्लाउड असताना ड्राइव्ह हवाच कशाला? दूरची प्रत म्हणून क्लाउड उत्तमच, पण एकट्या क्लाउडलाही तोच प्रश्न विचारावा लागतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि बॅकअप एकाच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. खात्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला तर तिथल्या सगळ्या प्रती एकदम जातात. शिवाय १ टेराबाइट परत उतरवायला १०० एमबीपीएसच्या जोडणीवर, वेग कुठेही न घसरता, सुमारे २२ तास लागतात. सेकंदाला १०० मेगाबाइट देणाऱ्या हार्ड डिस्कवरून तेच काम तीन तासांच्या आत होते.

प्रत सुरक्षित असूनही निरुपयोगी ठरू शकते. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका आज्ञेने पुसल्या गेल्या आणि ज्यांच्यावर भिस्त होती ते बॅकअप सदोष निघाले, घरून काम करणाऱ्या गॅलिन सस्मन यांच्या संगणकावरच्या प्रतीने चित्रपट वाचला. तेव्हा अधूनमधून काही फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहणे हा बॅकअपचाच भाग धरावा. ड्राइव्ह चोरीला जाऊ शकतो म्हणून तो कूटबद्ध करणे योग्य, पण त्याची रिकव्हरी की फक्त त्याच लॅपटॉपवर असेल तर लॅपटॉपबरोबर बॅकअपही गेला. मराठी मजकुराला आणखी एक जोखीम आहे. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली पुस्तके आणि दिवाळी अंक आजही कित्येक ड्राइव्हवर आहेत, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांची अक्षरे निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. अशा फाइलींबरोबर फॉन्ट, फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ आणि युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला मजकूर, तिन्ही ठेवावे. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून पीडीएफशी ताडून पाहावे.