नवशिक्याच्या हातातले पिस्तूल

दिवाळीच्या बाजारात टिकल्यांचे पिस्तूल घ्यायला आलेले पोर दुकानातले सर्वांत मोठे पिस्तूल मागते. ते त्याच्या मुठीत मावत नाही, चाप दोन्ही हातांच्या बोटांनी ओढावा लागतो. पण त्याची त्याला पर्वा नसते. पोराचे हे वेड आपण हसण्यावारी नेतो. मात्र शस्त्रांचा इतिहास जसजसा मी वाचत गेलो, तसतसे दिसून आले की मोठमोठ्या राष्ट्रांच्या लष्करी समित्याही याच फळीपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. ज्याने जन्मात कधी पिस्तूल धरलेले नाही त्याच्या हाती कोणते द्यावे? आधी गोळी केवढी ते पाहावे, की हात केवढा ते?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बंदुकीला खांद्याचा टेकू असतो. पिस्तुलाचा सारा भार मनगटावर. नळी एका अंशाने जरी कलली, तरी दहा मीटरवर गोळी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जाते आणि पंचवीस मीटरवर जवळजवळ हातभर. त्यातून नवशिक्याला आवाजाची व धक्क्याची धास्ती. बार उडण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात आणि मनगट खाली दबते. आणि हुकलेली गोळी काही हवेत विरून जात नाही. तीही कुठे ना कुठे, कुणाला ना कुणाला लागतेच.

अमेरिकेच्या सैन्यात १८७३ पासून कोल्टचे ४५ बोअरचे भारदस्त रिव्हॉल्व्हर होते. बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या शतांशात मोजलेला. १८९२ मध्ये त्याच्या जागी ३८ बोअरचे, चालवायला सोपे व भरायला चटपटीत असे नवे रिव्हॉल्व्हर आले. पुढे फिलिपाइन्समध्ये लढाई जुंपली आणि तिथून तक्रारी येऊ लागल्या की या गोळीने अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही. अडगळीत गेलेली जुनी ४५ बोअरची रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढावी लागली. १९०४ मध्ये दारूगोळा खात्यातले जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड या दोघांनी शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जनावरांवर, तसेच माणसांच्या मृतदेहांवरही गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. निष्कर्ष असा निघाला, की ४५ बोअरहून लहान गोळी लष्कराच्या कामाची नाही. मात्र त्याच अहवालात, शिपायाला नेमबाजीचा कसून सराव द्यावा, असेही बजावले होते. लोकांनी पहिला निष्कर्ष लक्षात ठेवला. दुसरा सोयीस्करपणे विसरले.

त्यातून १९११ साली जॉन ब्राउनिंग यांचे प्रसिद्ध ४५ बोअरचे पिस्तूल स्वीकारले गेले. कारागिरीच्या दृष्टीने ते अद्वितीय होते, यात शंका नाही. चाचणीत एकामागून एक सहा हजार गोळ्या त्याने विनातक्रार झाडल्या. पण पहिल्या महायुद्धात ते शेतावरून आणि कारकुनीच्या टेबलावरून उठून आलेल्या हजारो नवशिक्यांच्या हाती पडले. अनेकांचे बोट चापापर्यंत धड पोचेना, गोळ्या खाली जाऊ लागल्या. तेव्हा १९२० नंतरच्या वर्षांत त्यात फेरफार झाले. चाप आखूड केला, त्याच्यामागे बोटासाठी खाच घेतली, मुठीच्या मागच्या बाजूला फुगवटा दिला. १९२६ मध्ये या सुधारलेल्या पिस्तुलाला नवे नाव मिळाले. मला यातली गंमत अशी वाटते, की गोळीला कोणी हात लावला नाही. बदलावी लागली ती मूठ. पुढे १९३१ मध्ये कोल्ट कंपनीने त्याच घडणीचे, पण २२ बोअरच्या चिमुकल्या, स्वस्त काडतुसाचे सरावाचे पिस्तूल काढले. हात बसवायचा तो लहान काडतुसावर, हे ओळखल्याची ती खूण होती.

इंग्रजांची कथा याच्या नेमकी उलट. १९१५ चे त्यांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर किलोहून अधिक वजनाचे आणि ४५५ बोअरचे, म्हणजे अमेरिकन ४५ च्याच तोलाचे. महायुद्धात घाईघाईने तयार केलेल्या अधिकाऱ्यांना ते आवरेना. युद्धानंतर समितीने ठरवले, की थोड्या दिवसांच्या शिक्षणात जे साधेल तेच द्यावे. म्हणून ३८ बोअरचे, पाऊण किलोच्या आसपास वजनाचे एनफील्ड रिव्हॉल्व्हर १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सैन्यात आले. विचार शहाणपणाचा होता. पण १९३८ मध्ये या शहाणपणाला एक फाटा फुटला. रणगाड्याच्या अरुंद पोटात घोड्याचे टोक कुठेतरी अडकते, म्हणून ते टोकच उडवले! आता घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून मग चाप हलकेच दाबण्याची सोय राहिली नाही. प्रत्येक गोळीला चापानेच घोडा उचलायचा, आणि त्यासाठी बोटाला पाच किलोंहून अधिक जोर हवा. पाऊण किलोची वस्तू स्थिर धरायची आणि तिच्यावरच तिच्या वजनाच्या सहा-सात पट जोर लावायचा, हे मुरलेल्या नेमबाजालाही अवघड. मग नवशिक्याची काय कथा? समितीचे म्हणणे असे, की पिस्तूल चालते ते चार पावलांवर, तिथे इतका नेम लागतो कशाला? ते अगदीच खोटे नव्हते. तरीही धक्का कमी करून दिलेले दान चापाच्या ओझ्याने परत घेतले गेले, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे निवडीचा हा प्रश्न कायद्यानेच बराचसा मिटवला. लष्करी बोअरची पिस्तुले सामान्य नागरिकाला मना. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यात वेब्लीच्या वळणावर ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घडले, तेही परवाना असलेल्यालाच. २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अवघ्या अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर तिथूनच निघाले. हलके ते स्त्रीला सोपे, असे सहज मनात येते. पण पदार्थविज्ञान ऐकत नाही. काडतूस तेच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका हाताला धक्का जास्त. बाळगायला सोपे ते चालवायला सोपे असतेच असे नाही.

मग नवशिक्याला योग्य काय? माझ्या मते याचे उत्तर रणांगणापेक्षा क्रीडांगणाने अधिक सरळ दिले आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारातले पिस्तूल २२ बोअरचे. चापाचा जोर किमान एक किलो असावा असा नियम. म्हणजे एनफील्डच्या पाचव्या हिश्शाच्या आतबाहेर. धक्का नाममात्र, मूठ हाताच्या मापाने घडवलेली. जगातील निष्णात नेमबाज ज्या सोयी स्वतःसाठी आवर्जून मागून घेतात, त्या नवशिक्याला मात्र नाकारायच्या, हा न्याय कोणता?

लष्करालाही हे उमगले, पण फार उशिरा. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने ४५ बोअर सोडून नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले. २०१७ मध्ये निवडलेल्या त्याच्या वारसाला तर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या मुठी बसवता येतात. चपला मापाने घ्याव्यात हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. शस्त्राच्या बाबतीत तेच कळायला एका बलाढ्य सैन्याला शंभरावर वर्षे लागली. मधल्या काळात ज्यांच्या बोटांना चाप पोचला नाही आणि ज्यांचा नेम ऐन वेळी हातभर चुकला, त्यांची मोजदाद कोणत्याही समितीच्या अहवालात नाही.