झाशी ते माल्टा : वीस वर्षांचे अंतर

झाशी आणि तिला लागून असलेला नगरा यांच्यापासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर आहे. तरीही भूमध्य समुद्रातील एका बेटावर 1878 च्या उन्हाळ्यात पडलेल्या हिंदी सैन्याच्या मुक्कामाचा अर्थ लावावयाचा, तर आरंभ झाशीपासूनच करावा लागतो.

मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोझने झाशीला वेढा दिला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले. त्याच्या फौजेत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी व सुरुंग लावणारे सॅपर्स होते. त्या लष्करात कोकणातील आणि देशावरील मराठे व महार यांची भरती जुनी होती. तटाच्या आत कोकणातून आलेल्या नेवाळकरांचे राज्य होते आणि त्याच शहरात वरसईचे विष्णुभट गोडसे जीव मुठीत धरून बसले होते. म्हणजे तटाच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलली जात होती. त्यांपैकी आतल्या बाजूची हकीकत गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथामुळे मराठी वाचकाला मिळाली. 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला. बाहेरच्या शिपायाला मात्र असा लेखक लाभला नाही.

वीस वर्षांनी याच लष्कराला अगदी निराळ्या दिशेने जावे लागले. 3 मार्च 1878 रोजी सान स्तेफानोच्या तहाने रशियाने तुर्कस्तानावर आपल्या अटी लादल्या. इंग्लंडचे मुख्य प्रधान लॉर्ड बीकन्सफील्ड, म्हणजेच डिझरायली, यांना रशियाला जरब दाखवावयाची होती. पार्लमेंट ईस्टरच्या सुटीसाठी उठताच हिंदुस्थानातून सुमारे 7,000 सैनिक माल्टाला आणण्याचा निर्णय जाहीर झाला. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या तुकड्या त्यात होत्या. 1869 मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्यामुळे ही वाहतूक काही आठवड्यांत पार पडली.

धर्मशास्त्राने निषिद्ध मानलेले समुद्रगमन पांढरपेशा समाजात पुढे कित्येक वर्षे वादाचा विषय राहिले. परंतु मुंबईचा शिपाई 1856-57 मध्ये इराणला आणि 1867-68 मध्ये ॲबिसिनियाला जाऊन आला होता. ज्या उंबरठ्यावर पंडित शास्त्रार्थ करीत उभे होते, तो त्याने हुकमाखातर केव्हाच ओलांडला होता.

माल्टा हे सुमारे 246 चौरस किलोमीटरचे चुनखडकाचे बेट आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेल्या व्हॅलेट्टाच्या तटांखाली इंग्रजांचे आरमार नांगरलेले असे. जूनमध्ये ड्यूक ऑफ केंब्रिजने तेथे हिंदी सैन्याची पाहणी केली. लढाई मात्र झाली नाही. 4 जूनच्या गुप्त कराराने सायप्रसचा कारभार इंग्लंडकडे आला आणि 13 जुलैला बर्लिनचा तह झाला. काही तुकड्या सायप्रसला उतरल्या व यथावकाश सारे सैन्य मायदेशी परतले.

रक्त न सांडता संपलेली ही मोहीम वरवर पाहता समुद्रकाठची एक लहानशी सफर वाटेल. पण तिने एक गंभीर प्रश्न उभा केला. ही फौज नेमकी कोणाची? पार्लमेंटला न विचारता राजसत्तेने हिंदी सैन्य युरोपात आणावे काय, यावर मे महिन्यात लॉर्ड हार्टिंग्टन यांनी कॉमन्स सभेत ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. त्या चर्चेत इंग्रजांच्या स्वातंत्र्याची काळजी वाहिली गेली. परंतु ज्यांना उचलून आणले होते त्यांच्या संमतीचा प्रश्न गौणच राहिला.

त्याच सुमारास दख्खनमध्ये 1876 पासूनचा भीषण दुष्काळ माणसे गिळत होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्याची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडीत होती. मार्च 1878 च्या कायद्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले होते. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी याच दुष्काळाच्या संतापातून फेब्रुवारी 1879 मध्ये बंडाचे निशाण उभारले. परक्या बेटावर साम्राज्याचे वैभव मिरवणाऱ्या शिपायाचे गाव मागे अन्नाला महाग झाले होते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावाचून ध्यानी येत नाही.

आज माल्टा स्वतंत्र आहे. 1964 मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळाले आणि 31 मार्च 1979 रोजी शेवटचे इंग्रज सैन्य तेथून निघाले. व्हॅलेट्टासमोरचे स्लीमा आता चार दिवसांच्या विसाव्यासाठी येणाऱ्या प्रवाशांनी गजबजलेले असते आणि त्यांत भारतीयही असतात. ते स्वेच्छेने येतात, छायाचित्रे काढतात, घरी परतून प्रवासवर्णने सांगतात. मुंबई लष्कराच्या शिपायाने तोच निळा समुद्र पाहिला होता. त्याला स्वेच्छा नव्हती आणि लेखणीही नव्हती. प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याची जागा रिकामी आहे. पण रिकामी जागाही इतिहासाला काही सांगत असते.