तीनचे दोन वाजले

फौजेत हल्ल्याआधी सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवून घेतात. त्यामुळे सरकार हुकूम काढून काटे सरकवतं, हे मला पचायला वेळ लागला. पण हा हुकूमही लढाईतूनच आलेला.

इंग्लंडमध्ये विल्यम विलेटने १९०७ पासून यासाठी खटपट केली. १९१५ मध्ये तो वारला, तोवर त्याला यश आलं नाही. मग दिवाबत्तीचा कोळसा वाचवायला जर्मनीने ३० एप्रिल १९१६ च्या रात्री घड्याळं तासभर पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटनने शत्रूचीच युक्ती उचलली. तरी दोघांची वेळ जुळली नाहीच. १ जुलैला सोमच्या लढाईत ब्रिटिश पायदळ सकाळी साडेसातला खंदकाबाहेर पडलं, तेव्हा समोरच्या जर्मन खंदकात साडेआठ वाजले होते!

आपल्याकडेही १९४२ ते १९४५ घड्याळं तासभर पुढे होती. नंतर आपण तो नाद सोडला, युरोपने अजून सोडलेला नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणून लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. अमेरिकेचे रविवार आणखी वेगळे.

जर्मनीत ऑक्टोबरच्या अशाच एका रात्री आमची गाडी स्टेशनात तासभर उभी राहिली. सौ. म्हणाली, "इंजिन बिघडलं वाटतं." बिघडलं काहीच नव्हतं. तीनचे दोन वाजले होते, आणि पुढे वेळेआधी पोचू नये म्हणून गाडी थांबवली होती. मार्चमध्ये याच्या उलट: रात्रीची गाडी बसल्या जागी तासभर उशिरा. त्या रविवारी पहाटेचं विमान असेल, तर मनगटावरचं घड्याळ शनिवारी झोपण्याआधीच पुढे करून ठेवा.