रोग्ज गॅलरी

संशयित व सिद्धदोष गुन्हेगारांची ओळख पटविण्यासाठी पोलिसांनी जमविलेल्या छायाचित्रांच्या संग्रहास इंग्रजीत ‘रोग्ज गॅलरी’ असे म्हणतात. ‘बदमाशांची चित्रवीथी’ हे त्याचे शब्दशः भाषांतर होय. यातील पहिला शब्द सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या कायद्यांत भटक्या व निरुद्योगी इसमांना लावला जाई. ‘गॅलरी’ मात्र थोरामोठ्यांच्या तसबिरींची. या विसंगतीतच शब्दप्रयोगातील उपरोध आहे. न्यूयॉर्कचा प्रख्यात छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडी याने १८५० मध्ये नामवंत अमेरिकनांच्या प्रतिमांचा संग्रह काढला. तत्पूर्वी १८४६ मध्ये गुन्हेगारीविषयक एका ग्रंथासाठी त्यानेच कैद्यांची छायाचित्रे घेतली होती.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल डुर्हाइम याने १८५२-५३ मध्ये शासनासाठी छायाचित्रे घेतली, ती बेघर भटक्यांची. त्यांतील बहुतेकांचा अपराध भटकणे हाच होता. न्यूयॉर्क पोलिसांचा संग्रह १८५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. तो नागरिकांनाही पाहता येत असे. त्यामुळे हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून रूढ झाला आणि पुढे कोणत्याही कुप्रसिद्ध मंडळींच्या समूहाला लाक्षणिक अर्थाने लावला जाऊ लागला.

याच शहराच्या गुप्तचर शाखेचा प्रमुख टॉमस बर्न्झ याने १८८६ मध्ये अमेरिकेतील धंदेवाईक गुन्हेगारांवर ग्रंथ लिहून त्यात २०० हून अधिक छायाचित्रे छापली. कित्येक कैदी कॅमेऱ्यासमोर डोळे मिटत, तोंड वेडेवाकडे करीत; बळजोरीने धरून ठेवलेल्या अशा एका कैद्याचे चित्रही त्यात आहे. (पोलीस खात्यातील भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर १८९५ मध्ये खुद्द बर्न्झला पद सोडावे लागले.) संग्रह वाढला, तसे हवे ते छायाचित्र शोधणे दुष्कर झाले. पॅरिसच्या आल्फाँस बेर्तीयाँ याने शरीरमापनाधारे वर्गीकरण करून आणि समोरून व बाजूने अशी दोन ठराविक छायाचित्रे घेण्याची पद्धत रुळवून ही अडचण बरीच दूर केली.

तथापि ओळख आणि अपराध यांतील भेद या संग्रहांत सहज पुसला जातो. संग्रहात केवळ संशयित असलेल्याचा चेहराही सराईत गुन्हेगाराच्या शेजारी येतो व पाहणारा दोघांना एकच समजतो. भारतात कैद्यांची ओळख पटविण्यासंबंधीच्या १९२० च्या अधिनियमाने पोलिसांना छायाचित्रे घेण्याचा अधिकार दिला. मात्र पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास, दंडाधिकाऱ्यांचा वा न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर, ती नष्ट करावीत किंवा तिला परत द्यावीत, अशी तरतूदही केली. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या अधिनियमानुसार अभिलेख ७५ वर्षे जतन केले जातात; निर्दोष सुटलेल्यांसाठी अपवाद त्यातही आहे.