व्यतिकरण, तरंगांचे

एकाच ठिकाणी एकाच वेळी पोहोचलेल्या दोन किंवा अधिक तरंगांच्या विस्थापनांची चिन्हासह बेरीज होऊन जो परिणाम घडतो, त्यास व्यतिकरण म्हणतात. शिखर शिखरावर आले की तरंग बळावतो, शिखर दरीवर आले की मावळतो. भेटीची जागा ओलांडल्यावर दोन्ही तरंग मूळ रूपात पुढे जातात. ही साधी बेरीज लहान परमप्रसराच्या तरंगांपुरतीच खरी. किनाऱ्यावर फुटणारी लाट तिच्यात बसत नाही.

अटी : दोन समकलीय स्रोतांपासूनच्या अंतरांतील फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल तेथे तरंग वाढतो, अर्ध्या तरंगलांबीच्या विषम पटीत असेल तेथे क्षीण होतो. सारख्या परमप्रसराचे दोन तरंग कलेत जुळले तर परमप्रसर दुप्पट होतो. तीव्रता त्याच्या वर्गावर अवलंबून असल्याने चौपट होते. यात ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, काळ्या पट्ट्यांत उणी झालेली ऊर्जाच उजळ पट्ट्यांत सापडते. पट्टे टिकण्यासाठी तरंगांमधील कलाफरक स्थिर लागतो. शेजारी ठेवलेल्या दोन दिव्यांच्या कला क्षणोक्षणी स्वैरपणे बदलत असल्याने भिंतीवर नुसता एकसारखा उजेड पडतो.

ध्वनी : २५६ आणि २५८ हर्ट्‌झचे दोन स्वर एकत्र वाजले, तर आवाज सेकंदाला दोनदा चढतो-उतरतो. तंबोऱ्याची जोडीची तार जुळवताना कान हीच थरथर ऐकतो आणि ती थांबेपर्यंत खुंटी फिरते.

पाण्यावरील तरंग : शाळेतील तरंगपात्रामुळे सर्वपरिचित.

प्रकाश : टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्यतिकरणाची कल्पना मांडली. १८०३ मध्ये त्यांनी सूर्यकिरणाच्या वाटेत अरुंद पुठ्ठ्याची कड धरून मिळालेले पट्टे दाखवले. पाठ्यपुस्तकांतील दोन फटींचा प्रयोग १८०७ मध्ये छापलेल्या त्यांच्या व्याख्यानांत आहे. तो त्यांनी प्रत्यक्ष कितपत केला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. फटींमधील अंतर ०·५ मिमी, पडदा १ मीटरवर आणि तरंगलांबी ६०० नॅनोमीटर असेल तर पट्टे १·२ मिमी अंतराने पडतात. मायकेलसन आणि मोर्ली यांचा १८८७ चा ईथरशोधाचा प्रयोग प्रसिद्धच आहे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने मायकेलसन यांचे दुसरे काम अधिक मोलाचे : १९२० मध्ये माउंट विल्सन येथे पीझ यांच्यासह त्यांनी काक्षी ताऱ्याचा कोनीय व्यास व्यतिकरणाने मोजला. तो सुमारे ०·०४७ कोनीय सेकंद भरला. तारा दुर्बिणीत ठिपकाच राहतो, तरी पट्टे कोठे पुसले जातात यावरून त्याचा आकार कळतो.

रेडिओ : रेडिओ तरंग प्रकाशाच्या लक्षावधी पट लांब असल्याने एकट्या तबकडीची दृष्टी फार ढोबळ असते. सिडनीजवळ डोव्हर हाइट्सच्या कड्यावर १९४६ मध्ये रूबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांनी सूर्याकडून थेट आलेला आणि समुद्रावरून परावर्तित झालेला असे दोन तरंग एकाच अँटेनात मिळवले. समुद्राने दुसऱ्या अँटेनाचे काम केले. पुढे १९५३ मध्ये याच सिडनीत भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप शिकायला गेले. तेथून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांतून कल्याणला १९६५ मध्ये सूर्यनिरीक्षणाची दुर्बीण उभी राहिली.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) हे व्यतिकरणाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उपकरण मानावे लागेल. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमीवर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी साधारण एक चौरस किमीत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या जोडीतील अंतर सुमारे २५ किमी आहे. प्रत्येक जोडी हा एक स्वतंत्र व्यतिकरणमापक. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. २१ सेंमी तरंगलांबीला एकटी तबकडी सुमारे पाव अंशाहून बारीक तपशील वेगळा करू शकत नाही, सगळ्या मिळून मात्र सुमारे दोन कोनीय सेकंदांपर्यंत पोहोचतात. एकच तरंगमुख दूरच्या दोन तबकड्यांवर सुमारे ऐंशी मायक्रोसेकंदांपर्यंतच्या फरकाने येऊ शकते. प्रकाशतंतूंतून आलेले संकेत मध्यवर्ती इमारतीत हा विलंब भरून काढून मगच एकमेकांशी ताडले जातात. पृथ्वी फिरते तशी आकाशातून दिसणारी प्रत्येक जोडीची लांबी व दिशा बदलते, आणि तासागणिक नवी माहिती मिळत जाते. या पद्धतीबद्दल मार्टिन राइल यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीची भोके १० ते २० मिमीची, म्हणजे तरंगलांबीपुढे नगण्य. तरंगाला ती सलग आरशासारखी भासते, वाऱ्याला मात्र मोकळी वाट राहते. एवढ्या मोठ्या तबकड्या तुलनेने स्वस्तात झाल्या त्या यामुळे. दुर्बीण २००२ पासून जगभरच्या निरीक्षकांना खुली आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट हा तिचा कायमचा त्रास आहे.

इतर उपयोग : भिंगांवरील प्रतिपरावर्तक लेप, पृष्ठभागाच्या सपाटीची तपासणी, होलोग्राफी. गुरुत्वीय तरंगांचा पहिला थेट वेध १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या ४ किमी भुजांच्या लेसर व्यतिकरणमापकांनी घेतला. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.