काळेवाडीत जलपर्णी, गाजर गवत वाढलंय? तक्रार कुठे करायची आणि स्वतः काय करायचं?

उन्हाळा जवळ आला की पवना नदीवर हिरवा गालिचा पसरतो. पुलावरून फोटो छान येतो, पण तो गालिचा म्हणजे जलपर्णी. पाऊस पडला की रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत उगवतं. या दोन्ही वनस्पती आपल्याकडच्या नाहीत. त्या परक्या भूमीतून आल्या आणि इथे बेसुमार पसरल्या. अशा वनस्पतींना 'आक्रमक परकीय वनस्पती' म्हणतात.

जलपर्णी एवढी का वाढते?

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. जांभळ्या फुलांमुळे शोभेचं रोप म्हणून ती जगभर नेली गेली. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात आली.

तिला लागतं संथ पाणी, ऊन आणि खत. पवना शहरातून सुमारे २४ किलोमीटर वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. या वाटेत नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीसाठी फुकटचं खत. म्हणून जलपर्णी हे दुखणं कमी आणि लक्षण जास्त आहे. सांडपाणी थांबलं नाही, तर काढलेली जलपर्णी परत येणारच.

पोषक हवामानात तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. म्हणजे जानेवारीतला एक छोटा पुंजका दहा आठवड्यांत ३२ पट होऊ शकतो. शिवाय तिचं बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं.

त्रास काय होतो?

पाण्यावर झाकण बसल्यासारखं होतं. ऊन आत जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. साचलेल्या पाण्यात डास वाढतात. नदीकाठच्या काळेवाडी, रहाटणी, थेरगावच्या रहिवाशांना हे वेगळं सांगायला नको. मात्र डेंग्यूचा डास मुख्यतः घरात आणि आसपास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे नदी साफ झाली, तरी कुंड्या आणि पिंप तपासावेच लागतात.

गाजर गवत तर पुण्यातूनच पसरलं

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. ते भारतात १९५५ मध्ये पुण्यात आढळलं आणि पुढे देशभर पसरलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत त्याचं बी आलं, असं सांगितलं जातं. एक झाड हजारो बिया तयार करतं. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज येते, पुरळ उठतं. परागकणांमुळे शिंका आणि दमा बळावतो.

तक्रार कुठे करायची?

- पिंपरी-चिंचवड महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइन : ८८८८००६६६६. महापालिकेच्या ॲपवर आणि वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते.
- तक्रारीत जवळची खूण, घाट किंवा पुलाचं नाव, तारीख आणि फोटो द्या. 'नदीत जलपर्णी आहे' एवढंच लिहिलं, तर नेमकं कुठे जायचं हे कळत नाही.
- तक्रार क्रमांक जपून ठेवा. काम न होता तक्रार बंद झाली, तर त्याच क्रमांकाचा आधार घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा.
- नाल्यातून सांडपाणी थेट नदीत जात असेल, तर त्याची वेगळी तक्रार करा.
- काढलेली जलपर्णी काठावरच पडली असेल, तर तेही कळवा. पाणी वाढलं की ढीग पुन्हा वाहून जातो.

सोशल मीडियावर टाकलेला व्हिडिओ लोकांपर्यंत पोहोचतो, पण कामाचा माग काढायला तक्रार क्रमांकच लागतो. पोस्टमध्ये तो लिहिला, तर शेजाऱ्यांनाही पाठपुरावा करता येतो.

कधी करायची?

मे महिन्यात नदी झाकल्यावर नाही, तर डिसेंबर-जानेवारीत, पुंजके लहान असताना. पावसाळ्यात पुरासोबत जलपर्णी वाहून जाते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त खालच्या गावांकडे सरकतो.

स्वतः काय करता येईल?

गाजर गवत फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी आणि लहान मुलांनी लांब राहावं. फुलं आलेलं गवत हलवलं, तर बी आणखी पसरतं. ते जाळू नका. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाकलं, तर टाकळा दाट वाढून गाजर गवताला दाबतो.

हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. पावसाळ्यात गाजर गवतावर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगे दिसले, तर त्यांना मारू नका.

जलपर्णीसाठी एकट्याने नदीत उतरू नका. तळ दिसत नाही, पाय गाळात रुततो. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने नागरिकांना सोबत घेऊन पवनेतली जलपर्णी काढण्याची मोहीम चालवली आहे. अशा संघटित मोहिमेत सहभागी व्हा. नदीकाठी तणनाशक फवारू नका. ते पाण्यात उतरतं आणि कुजणारी जलपर्णी प्राणवायू आणखी कमी करते.

आणि झाडं?

सुबाभूळही परदेशी आहे, म्हणून ती थेट तोडता येत नाही. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा.