उत्तरकालीन रोमन टोपाचा वंश

जुना टोप हातीं आला कीं प्रथम त्याची नक्षी पाहिली जाते, सांधा मागाहून. हा क्रम उलटा असावा, असें आमचें मत आहे. नक्षी धन्याची आवड सांगते; सांधा कारखान्याची रीत सांगतो.

रोमन शिपायाच्या जुन्या टोपाची वाटी बहुधा एकाच पत्र्याची ठोकून केलेली असे. इ. स. च्या चौथ्या शतकांत, म्हणजे मुर्रीकडील पूर्व विदर्भांत वाकाटक नांदत होते त्या काळीं, रोमन सैन्यांत निराळा टोप दिसूं लागतो : दोन अर्धुकें माथ्यावरील लोखंडी कण्यास रिव्हेटींनीं जोडलेलीं. हंगेरींतील इंटरसिझा येथील टोप ह्याच जातीचे होत. ह्या फरकास कारागिरीचा ऱ्हास म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. डायोक्लेशियनाच्या (२८४–३०५) सुमारास शस्त्रें सरकारी कारखान्यांत होऊं लागलीं, आणि दोन उथळ तुकडे जोडणें हें एक खोल वाटी ठोकण्याहून सोपें. शिवाय नेदरलंडांतील डर्न येथें १९१० सालीं सांपडलेल्या घोडेस्वाराच्या टोपावर सोन्याचा मुलामा दिलेलें चांदीचें आवरण आहे. तरी घडण कण्याचीच. दारिद्र्य हें कारण असतें, तर श्रीमंतानें ती पत्करली नसती.

ही रीत इराणाकडून आली असावी. सीरियांतील ड्यूरा-युरोपस येथें, इ. स. २५६ च्या सुमाराच्या सासानी वेढ्यांतील भुयारांत, असाच दुभागी टोप मिळाला आहे.

पुढील वंश इंग्लंडांत दिसतो. सटन हू येथें १९३९ सालीं सांपडलेल्या, सातव्या शतकाच्या आरंभींच्या टोपाची वाटी एकसंध आहे. तथापि माथ्यावर कणा आहेच. सांधा गेला, त्याची खूण राहिली. वंश सिद्ध करण्यास ह्याहून बोलका पुरावा कोणता? यॉर्क येथील १९८२ सालीं मिळालेल्या आठव्या शतकांतील टोपास मानेवर कड्यांची जाळी आहे.

आपल्याकडेहि १६५९ सालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं पागोट्याखालीं पोलादी कड्यांची टोपी घातली, असें ग्रँट डफ लिहितो. तीस टोपाचा ऱ्हास कोणी म्हणत नाहीं. प्रसंग तसा होता, म्हणून घडण तशी. हाच न्याय रोमन टोपास लावावा, आणि आपल्या वाड्यांतून पडलेल्या टोपांच्या रिव्हेटी नक्षीच्या आधीं मोजाव्या.